नवशिक्यांसाठी कोअरचा व्यायाम : आधी स्थिर राहणे, मग हालणे

माझ्या वर्गात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते की या व्यायामातून त्यांना नेमके काय साधायचे आहे. बहुतेकांचे उत्तर 'पोट कमी करायचे आहे' असे असते. काहींच्या कंबरेत वारंवार उसण भरते म्हणून डॉक्टरांनी त्यांना 'कोअर मजबूत करा' असे सांगितलेले असते. दोघांच्याही मनात व्यायामाचे चित्र मात्र एकच असते : पाठीवर झोपायचे, हात डोक्यामागे घ्यायचे आणि भराभर उठून कपाळ गुडघ्यांना लावायचे. हे चित्र पुसणे हे माझे पहिले काम असते. रोजच्या जगण्यात धडाच्या स्नायूंना, म्हणजेच कोअरला, वाकण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ एकच काम करावे लागते, ते म्हणजे हातपाय हालत असताना कण्याला जागेवर धरून ठेवणे. नवशिक्याने सुरुवातही त्याच कामापासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पोटावरच्या चरबीचा प्रश्न आधीच बाजूला काढते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या २४ निरोगी स्त्री-पुरुषांचे दोन गट केले होते आणि त्यांपैकी एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंची टिकून राहण्याची क्षमता वाढली, परंतु पोटावरची चरबी व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली असे दिसले नाही. ज्या भागाचा व्यायाम करू त्याच भागाची चरबी जळेल, ही समजूत फार जुनी आणि फार चिवट आहे. सुटलेल्या पोटासाठी आहार, चालणे आणि झोप यांकडेच वळावे लागते. कोअरच्या व्यायामाचे लाभ वेगळे आहेत आणि माझ्या दृष्टीने ते अधिक मोलाचेही आहेत.

कोअरमध्ये येतात तरी कोणते स्नायू? समोर बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणारा सरळ स्नायू असतो. आरशात दिसणारे पोटाचे उंचवटे त्याचेच. दोन्ही बाजूंना तिरप्या धाग्यांचे स्नायू असतात, जे धडाला पिळवटू देत नाहीत. त्यांच्याही आत, पोटाला आडवा वेढा घालून मागे कंबरेच्या जाड पडद्याला मिळणारा एक पातळ स्नायू असतो. ओझी उचलणारे कामगार कंबरेला पट्टा आवळून बांधतात. हा आडवा स्नायू म्हणजे शरीराने स्वतःच बांधलेला तसा पट्टा आहे. मागच्या बाजूला एकेका मणक्याला धरून असलेले आखूड स्नायू आणि पाठीचे लांब स्नायू असतात, वर छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असते आणि खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात. हे सगळे एकाच वेळी योग्य प्रमाणात आवळले गेले की पोटाच्या पोकळीतला दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. नितंबांचे स्नायू काटेकोरपणे पाहिले तर या वेढ्याच्या बाहेरचे आहेत, पण ते दुबळे असतील तर त्यांच्या वाट्याचे काम कंबर अंगावर घेते, म्हणून मी त्यांनाही याच कुटुंबात धरते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यांनी लोकांना उभे राहून केवळ एक हात झटकन उचलायला सांगितला आणि कोणता स्नायू केव्हा जागा होतो हे मोजले. निरोगी माणसांत हात उचलणाऱ्या खांद्याच्या स्नायूच्या आधीच पोटाचा तो आतला आडवा स्नायू कामाला लागत होता, तर ज्यांना कंबरदुखीचा इतिहास होता त्यांच्यात तो उशिरा जागा होत होता. या निष्कर्षानंतर जगभर त्या एकाच स्नायूला वेगळे काढून शिकवण्याची लाट आली. पुढील संशोधनात मात्र अशा खास व्यायामांचा लाभ दीर्घकाळात इतर नियमित व्यायामापेक्षा फार वेगळा ठरला नाही. त्यामुळे एका स्नायूच्या मागे लागण्यात मला अर्थ वाटत नाही. त्या प्रयोगातून मी एवढेच घेते की धड आधी सज्ज होते आणि हातपाय नंतर हालतात, आणि नवशिक्याच्या प्रत्येक व्यायामात हाच क्रम राखला जावा.

दुसरी गोष्ट ताकद आणि टिकाव यांच्यातील फरकाची. डेन्मार्कमधील बीरिंग-सोरेन्सेन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना टेबलावर पालथे झोपवून, पाय बांधून, कंबरेच्या वरचा भाग टेबलाच्या कडेबाहेर अधांतरी सरळ धरायला लावले आणि ते किती सेकंद टिकतात हे पाहिले. ज्या पुरुषांचा टिकाव अधिक होता त्यांना पुढील वर्षभरात पहिल्यांदाच कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी आढळले. एका झटक्यात किती जोर लावता येतो यापेक्षा कमी जोर किती वेळ धरून ठेवता येतो हे कण्यासाठी महत्त्वाचे आहे. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याला किंवा लोकलमध्ये तासभर उभे राहून प्रवास करणाऱ्याला नेमका हाच टिकाव लागतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात अनेक वर्षे कण्याच्या यांत्रिकीचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी सिट-अपमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून उठण्याच्या त्या व्यायामात, कंबरेच्या मणक्यांवर येणारा दाब मोजून दाखवला आणि त्याऐवजी कण्याची नैसर्गिक कमान राखून करायचे तीन व्यायाम पुढे आणले. अमेरिकी नौदलानेही शारीरिक चाचणीतील सिट-अपसारखा व्यायाम बंद करून २०२१ पासून त्याच्या जागी प्लँक घेतला, म्हणजे पालथे होऊन कोपरे आणि पायांची बोटे यांवर शरीर सरळ रेषेत तोलून धरणे. निरोगी, सराव असलेल्या माणसाने सिट-अप मारली तर लगेच काही बिघडते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याची कंबर दिवसातले आठ तास खुर्चीत वाकलेलीच असते, त्याने व्यायामाच्या अर्ध्या तासातही तिला पुन्हा शेकडो वेळा का वाकवावे, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

आता प्रत्यक्ष सरावाकडे येते. जमिनीवर सतरंजी किंवा दुहेरी घडीची चादर अंथरावी. पलंगावरची मऊ गादी चालत नाही, कारण तिच्यात कंबर रुतते आणि कमानीचा अंदाज येत नाही. साधनांपैकी एवढेच पुरे.

पहिला पाठ श्वासाचा आहे आणि तो मी कुणालाही गाळू देत नाही. पाठीवर झोपावे, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर टेकवावेत. कंबर आणि जमीन यांच्यामध्ये तळहात जेमतेम सरकेल एवढी जागा असू द्यावी. कंबर जमिनीत दाबूही नये आणि मुद्दाम उचलूही नये. दोन्ही हातांची बोटे कंबरेच्या हाडांच्या किंचित आतल्या बाजूला ठेवावीत आणि हलकेच खोकावे. बोटांखाली जे घट्ट झाल्यासारखे जाणवते, तेच आपल्याला हवे आहे. खोकल्याशिवाय तेवढाच घट्टपणा आणायचा, तो साधारण निम्म्यावर सैल करायचा आणि तसाच धरून ठेवत संथ श्वास घ्यायचा व सोडायचा. श्वास घेताना खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना फुलल्या पाहिजेत. पुष्कळ जण 'पोट घट्ट करा' म्हणताच पोट आत ओढून छाती वर काढतात आणि श्वास कोंडून बसतात. पोट आत खेचणे आणि पोट सज्ज करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेत पोटाचा आकार फारसा बदलत नाही, केवळ भिंत घट्ट होते. या स्थितीत सहज बोलता आले, एखादा श्लोक म्हणता आला, तर जमले असे समजावे. कुणाला हे दोन दिवसांत जमते, कुणाला दोन आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ द्यावाच.

त्याच स्थितीतून दुसरा व्यायाम सुरू होतो. पोट सज्ज ठेवून एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि पुन्हा जवळ आणायचा. वाचताना हे अगदीच सोपे वाटेल. परंतु पाय लांब होत असताना कंबरेखालची ती जागा वाढू न देणे हा यातला खरा कस आहे. हे जमले की दोन्ही पाय गुडघ्यांत काटकोन करून उचलावेत, हात छताकडे सरळ करावेत आणि उजवा हात डोक्यामागे जात असताना डावा पाय पुढे लांब करावा, मग बाजू बदलावी. जिममध्ये या व्यायामाला डेड बग म्हणतात. प्रत्येक वेळी श्वास सोडत हातपाय लांब करावेत. कंबरेखालची जागा वाढू लागली की पाय तेवढ्यावरच थांबवावा.

बर्ड डॉग हा माझा सर्वांत आवडता व्यायाम आहे आणि नवशिक्याला एकच व्यायाम सांगायचा असेल तर मी हाच सांगेन. लहान मूल रांगते तसे हात आणि गुडघे टेकवावेत; तळहात खांद्यांच्या खाली, गुडघे खुब्यांच्या खाली. पोट सज्ज करून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे असा लांब करावा की बोटांपासून टाचेपर्यंत एक रेष दिसेल. पाय फार उंच नेण्याचा मोह टाळावा, कारण पाठीच्या उंचीच्या वर गेलेला पाय कंबरेला खोल कमान देतो आणि व्यायामाचा हेतूच हरवतो. सुमारे दहा सेकंद थांबावे, मग हात व गुडघा जमिनीवरून पुसत आणल्यासारखे परत आणून लगेच पुन्हा लांब करावेत. वर्गात मी प्रत्येकाच्या कंबरेवर एक वही आडवी ठेवते. वही खाली पडली तर ओटीपोटाचा भाग एका बाजूला कलंडला हे सांगावे लागत नाही, आणि आरसा जे दाखवू शकत नाही ते त्या वहीमुळे स्वतःलाच कळते. ज्यांना सुरुवातीला तोल सावरत नाही त्यांनी आधी केवळ पाय लांब करावा, दोन्ही हात टेकलेलेच ठेवावेत. गुडघे दुखत असतील तर त्यांच्याखाली गोधडीची घडी घ्यावी. मनगटे दुखत असतील तर मुठी टेकवाव्यात.

धडाच्या बाजूंसाठी साइड प्लँक आहे. नवशिक्यांनी तो गुडघ्यांवरून करावा : एका कुशीवर झोपून कोपर खांद्याखाली ठेवावे, गुडघे वाकवावेत आणि कंबर उचलून गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेष करावी. यात एका बाजूचेच स्नायू जोरात काम करतात, त्यामुळे मणक्यांवरचा एकूण भार तुलनेने कमी राहतो. बहुतेकांना एक बाजू दुसरीपेक्षा दुबळी आढळते. त्या बाजूने सुरुवात करावी. खांदा दुखत असेल तर भिंतीला कोपर टेकवून, उभ्यानेच, किंचित तिरके राहून हाच व्यायाम करता येतो.

ब्रिजसाठी पुन्हा पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, नितंब आवळत कंबर उचलायची असते. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा येऊ लागला तर नितंबांऐवजी मांड्या काम करत आहेत हे ओळखावे आणि टाचा थोड्या जवळ घ्याव्यात.

प्लँकविषयी मात्र थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण या व्यायामाला स्पर्धेचे रूप आले आहे. २०२३ साली चेक प्रजासत्ताकातील योझेफ शालेक यांनी साडेनऊ तासांहून अधिक वेळ प्लँक धरून विक्रम केला. त्यांच्या जिद्दीला दाद द्यावी, पण आपले उद्दिष्ट तिथून ठरवू नये. नवशिक्याच्या प्लँकमध्ये साधारण वीसाव्या सेकंदानंतर कंबर खाली झोळू लागते, आणि तिथून पुढचे प्रत्येक सेकंद स्नायूंच्या ऐवजी मणक्यांचे सांधे सोसत असतात. म्हणून दहा सेकंद धरावे, काही सेकंद गुडघे टेकवावेत आणि पुन्हा धरावे, असे तुकडे पाडणे मला अधिक योग्य वाटते. जमिनीवरचा प्लँक जड जात असेल तर आधी भिंतीला हात टेकवून, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवून, त्यानंतर भक्कम पलंगाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर, असे उतरत यावे. हात जितके खाली तितका भार अधिक, एवढे ध्यानात ठेवले की प्रत्येकाला आपली पायरी स्वतःच ठरवता येते.

आपल्याकडे घरोघरी घातल्या जाणाऱ्या सूर्यनमस्कारात ही स्थिती आधीपासूनच आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला आणि शाळांतून तो रुजवला. त्यात दोन्ही पाय मागे नेऊन शरीर सरळ रेषेत धरण्याची जी स्थिती येते, तिच्यावरून आपण बहुधा घाईने साष्टांग स्थितीत उतरतो. त्याच ठिकाणी दोन संथ श्वास थांबून पाहावे. बारा नमस्कारांत चोवीस श्वासांचा प्लँक आपोआप घडतो. मात्र पुढे वाकण्याच्या स्थितीत ज्यांच्या कंबरेत चमक निघते त्यांनी गुडघे सैल सोडावेत.

किती करावे, हा प्रश्न नेहमी येतो. मॅकगिल यांची उतरत्या क्रमाची पद्धत मला सोयीची वाटते : दहा-दहा सेकंदांच्या सहा धारणा (धारणा म्हणजे स्थिती धरून ठेवणे), थोडी विश्रांती, मग चार, पुन्हा विश्रांती, मग दोन. दमत जाणाऱ्या स्नायूला शेवटी कमी काम येते आणि शेवटची धारणाही पहिलीइतकीच नेटकी राहते. वाढवायचे झाले तर धारणेचे सेकंद न वाढवता धारणांची संख्या वाढवावी. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. हे सौम्य व्यायाम एक दिवसाआड किंवा जमल्यास रोजही करता येतात. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू मोठे होत नाहीत, मेंदू आणि स्नायू यांच्यातील संदेश सुधारतात. त्यामुळे आरशात काही दिसण्याच्या कितीतरी आधी वही कंबरेवर टिकू लागते.

पहाटे उठल्याबरोबर व्यायाम करणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची एक ते दोन सेंटिमीटरने अधिक भरते, आणि त्या वेळी कंबर खोल वाकवली तर गाद्यांवर अधिक ताण येतो. उठल्यावर तासभर तरी घरात वावरावे, चहा-पाणी, आंघोळ उरकावी आणि मग सतरंजी अंथरावी. कंबरदुखी असलेल्यांनी तर या पहिल्या तासात वाकून करायची कामेही टाळलेली बरी.

काही जणांनी मात्र माझ्यासारखीच्या लेखावर विसंबू नये. दुखणे कंबरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. ताबा सुटणे हे तर तातडीचे लक्षण आहे. रक्तदाब अधिक असणाऱ्यांनी कोणत्याही धारणेत श्वास कोंडू नये आणि धारणा आखूडच ठेवाव्यात. बाळंतपणानंतर पोटाच्या मधल्या रेषेवर फट राहिली असेल, किंवा खोकताना लघवीचा थेंब सुटत असेल, तर स्त्रियांनी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेऊन श्वासाच्या पाठापासूनच आरंभ करावा. ही तक्रार आपल्याकडे बायका वर्षानुवर्षे कुणाजवळ बोलत नाहीत, आणि ती पुष्कळदा व्यायामाने सुधारणारी असते, याचे मला फार वाईट वाटते.

हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांसाठी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आजही महत्त्वाचा आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले होते त्यांच्यातील ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना पुढील काळात नवी इजा आढळली, तर पाठ ताणून सरळ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. गट लहान होते, तरीही फरक इतका मोठा आहे की साठीच्या पुढच्या कुणालाही मी सिट-अप शिकवत नाही. ज्यांना जमिनीवर बसणे-उठणेच कठीण आहे त्यांनी ओट्यावरचा प्लँक, भिंतीलगतचा साइड प्लँक आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे, एवढ्यावर खुशाल सुरुवात करावी.

दीड-दोन महिन्यांत या धारणा नेटक्या होऊ लागल्या की वजन हातात घेऊन चालण्याचा टप्पा येतो, आणि त्यासाठी दळणाची पिशवी उत्तम असते. एका हातात तीन-चार किलोंची पिशवी घेऊन ताठ चालले की विरुद्ध बाजूच्या स्नायूंना धड कलंडू न देण्यासाठी सतत काम करावे लागते. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे वजन त्याहून वेगळे, म्हणजे एकूण तीस किलोंच्या आसपास. तो उचलण्याची वेळ येईल तेव्हा दोघांनी मिळून, गुडघ्यांत वाकून आणि आधी पोट सज्ज करून उचलावा. पिशवीचा सराव मात्र एकट्याने करता येतो : घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे, हात बदलावा आणि परत यावे. दोन्ही खांदे एका पातळीत राहत असतील तर पुढच्या आठवड्यात अर्धा किलो वाढवावा; पिशवीच्या बाजूचा खांदा उतरू लागला तर वजन तेवढेच ठेवून चालण्याचे अंतर कमी करावे.